पंधरा वर्षांचा दाखला

दयानंद सामाजिक सुरक्षा योजना ज्यांच्या नावाने चालते ते भाऊसाहेब बांदोडकर जन्माने पेडण्याचे. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, पत्रादेवीची आणि दोडामार्गची सीमा पुसली जावी, म्हणून त्यांच्या पक्षाने १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल लढवला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१. चौतीस हजारांच्या फरकाने सीमा राहिली. पेडणे आणि डिचोली तालुक्यांचा कल मात्र विलीनीकरणाकडेच होता. आज त्याच सीमेच्या अलीकडे पंधरा वर्षे राहिल्याचा दाखला जोडल्याशिवाय भाऊसाहेबांच्या नावाचे दोन हजार रुपये कोणाच्या खात्यात जमा होत नाहीत.

ही विसंगती सांगताना कोणाला टोमणा मारण्याचा आमचा हेतू नाही. विषय सध्या गावोगावी निघतो आहे आणि २०२७ च्या विधानसभा निवडणुकीपर्यंत तो आणखी तापेल. मतदार याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण झाले, त्यात प्रत्येकाला जुन्या यादीत आपले किंवा आईवडिलांचे नाव शोधावे लागले. मूळ गोमंतकीय कोण याची व्याख्या कायद्यात करावी, ही मागणी घेऊन एक पक्ष २०२२ साली विधानसभेत पोहोचला. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून पेडण्यात भाड्याच्या खोल्या वाढल्या, नवे चेहरे वाढले. आणि 'भायले' हा शब्द, जो पूर्वी आपण सहज वापरायचो, तो आता जरा दात आवळून उच्चारला जातो. भायल्यांनी इथे येऊन आमच्या योजना खाव्यात का? आणि ज्यांचे मन गावाकडे, त्यांची निष्ठा इथे कुठली? हे दोन प्रश्न एका दमात विचारले जातात. ते दोन वेगळे प्रश्न आहेत आणि वेगळेच सोडवावे लागतील, एवढेच आम्हाला या लेखात मांडायचे आहे.

आधी योजना पाहू. दयानंद योजनेत ज्येष्ठांना महिना दोन हजार. २०१२ साली आलेल्या गृह आधार योजनेत गृहिणीला महिना दीड हजार. त्याच वर्षीच्या लाडली लक्ष्मीत मुलीच्या नावे एक लाख. या सर्वांना पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला मात्र पाचच वर्षांची अट पुरते. एकाच सरकारने आजारपणासाठी पाच आणि म्हातारपणासाठी पंधरा हा हिशेब कसा बसवला, हे आम्हाला तरी उलगडलेले नाही. बँकेत असताना व्याजदराच्या तक्त्यातही असे आकडे पाहिलेत, जे वर्षानुवर्षे चालतात कारण ते बदलायला कोणी सांगितलेले नसते.

अट मुळातच चुकीची आहे असे आम्ही म्हणत नाही. आपल्या देशात राज्यांच्या सीमा उघड्या आहेत. घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने कोणालाही देशात कुठेही फिरण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. दोडामार्गच्या माणसाला डिचोलीत राहायला परवाना लागत नाही, तसा डिचोलीच्या माणसाला पुण्यात लागत नाही. सीमा उघडी आणि मदत मात्र राज्याराज्यांची वेगवेगळी, अशा ठिकाणी काहीतरी फाटक लावावेच लागते. खुले स्थलांतर आणि कल्याणकारी राज्य एकत्र नांदणार नाहीत, असे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन म्हणत असे. १४.५८ लाख लोकसंख्येच्या (२०११ ची जनगणना) राज्याने काल आलेल्या माणसाला आज पेन्शन दिले तर तिजोरी टिकणार नाही, हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९५५ मध्ये डी. पी. जोशी खटल्यात जन्मस्थान आणि वास्तव्य यांत फरक केला. जन्मावरून भेद करता येत नाही, वास्तव्यावरून काही बाबतींत करता येतो. पुढे १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात त्याच न्यायालयाने बजावले की अधिवास एकच, तो भारताचा. राज्याचा वेगळा अधिवास नसतो. म्हणजे फाटक चालेल, पण ते 'किती वर्षे राहिलात' एवढेच विचारू शकते. 'कुठे जन्मलात' हे नाही.

आता 'आमच्या कराचा पैसा' या वाक्याकडे वळू. आमच्या व्यवसायामुळे आम्हाला हे वाक्य पटकन पचत नाही. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. हा कर माल जिथे खपतो त्या राज्याला मिळतो. गदगहून आलेला गवंडी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराबाहेरच्या दुकानात चप्पल घेतो, मुलाला बिस्किटे घेतो, मोबाईलचे रिचार्ज मारतो, तेव्हा त्या कराचा राज्याचा वाटा गोव्याच्या तिजोरीत पडतो. त्याच्या गावच्या सरकारला त्यातले काही मिळत नाही. पहिल्या दिवसापासून तो करदाता असतो, लाभार्थी व्हायला मात्र पंधरा वर्षे. उलट बाजूने पाहा: पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी केंद्रीय करांतील राज्यांच्या वाट्यात गोव्याला ०.३८६ टक्के दिले. देशाच्या लोकसंख्येत गोव्याचा हिस्सा ०.१२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे डोईमागे पाहिले तर आपल्याला देशाच्या सामायिक पिशवीतून भरपूर मिळते, आणि त्या पिशवीत गदगच्या गवंड्याच्या भावाचाही पैसा असतो. आपण कोणाचे उपकार घेतो असे यातून म्हणायचे नाही. फक्त 'आमचा पैसा, त्यांची चैन' हे खाते ताळ्यात बसत नाही.

यापेक्षा मोठा घोळ कागदांचा आहे, आणि तो आपल्या घराजवळचा आहे. पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला मामलेदार कचेरीतून मिळतो. त्यासाठी तलाठी विचारणार, शिधापत्रिका, मतदार यादी, शाळेचा दाखला, घरपट्टी, वीजबिल. जो भाड्याच्या खोलीत राहतो त्याच्याकडे यातले काय असते? वीजबिल घरमालकाच्या नावे, घरपट्टी घरमालकाच्या नावे. भाडेकरार मागितला तर आपल्यापैकीच कितीतरी जण देत नाहीत. उत्पन्न दाखवावे लागेल ही एक भीती, भाडेकरू पुढे हक्क सांगेल ही दुसरी. अकरा महिने झाले की खोली बदलायला लावायची, हाही एक रिवाज. मग तोच माणूस वीस वर्षे डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत राबला तरी कागदावर तो कालच आलेला असतो. बँकेत केवायसीच्या वेळी आम्ही हे डोळ्यांनी पाहिले आहे. काउंटरवर उभा माणूस शाखेच्या पहिल्या मॅनेजरचे नाव सांगायचा, गावात कोणाच्या घरी कधी कार्य झाले ते सांगायचा, आणि पत्त्याचा पुरावा म्हणून त्याच्याकडे काही नसायचे. मालक म्हणायचा, तोंडी सांगतो ना मी! तोंडी सांगणे कुठल्याच फॉर्मला चिकटवता येत नाही.

पेडणे-डिचोलीच्या माणसाला हे नवे वाटू नये. कागद नसलेला रहिवासी काय भोगतो हे आपल्याच दोन तालुक्यांनी भोगले आहे. भाटकाराच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मुंडकाराच्या नावावर काय होते? घर त्याने बांधलेले, तुळशीवृंदावन त्याचे, आणि उठ म्हटले की उठायचे. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला संरक्षण दिले ते कागदाच्या बळावर नव्हे. तो तिथे राहतो, याच बळावर दिले. मये गावाची कथा तर त्याहून विलक्षण. जमीनमालक पोर्तुगालला गेला, गाव 'स्थलांतरितांची मालमत्ता' ठरला, १९६४ चा कायदा त्याला लागू झाला आणि मुक्तीनंतर अर्धशतकभर मयेकर आपल्याच घरात जणू परक्याच्या जागेत राहिले. २०१४ मध्ये विधानसभेने कायदा केला तेव्हा कुठे मालकी हक्काचा रस्ता उघडला. मयेच्या माणसाला कोणी भायलो म्हणाले असते तर आपण खवळून उठलो असतो. पण कागद विचारले असते तर त्याच्याकडेही दाखवण्यासारखे थोडेच होते.

(दोडामार्ग-सावंतवाडीहून सून म्हणून आलेल्या मुलींचा यात वेगळाच प्रश्न. आपल्या सभासद कुटुंबांत असे घर विरळा जिथे एक तरी माहेर सीमेपलीकडे नाही. महाराष्ट्राने २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आणली तेव्हा परराज्यात जन्मून महाराष्ट्रात लग्न झालेल्या स्त्रीसाठी नवऱ्याची कागदपत्रे ग्राह्य धरली. लहानशी तरतूद, पण ज्याने ती लिहिली त्याला सीमेवरची घरे ठाऊक असावीत.)

आरोग्याचा प्रश्न आणखी नाजूक. जानेवारी २०१८ पासून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालय इस्पितळात परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले. सिंधुदुर्गात त्यावर मोठे आंदोलन पेटले, दोडामार्गात लोक रस्त्यावर आले. सीमेपलीकडच्या गावांना बांबोळी हेच पहिले मोठे इस्पितळ. ओरोसपेक्षा कितीतरी गावांना ते सोयीचे. आपल्याकडचे म्हणणेही खोटे नव्हते. खाटा भरलेल्या, जमिनीवर गाद्या, आणि खर्च एका राज्याचा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा लाभ सिंधुदुर्गच्या रुग्णाला इथेच मिळावा, म्हणजे त्याचे बिल महाराष्ट्राने भरावे, यासाठी मग दोन्ही सरकारांत बोलणी झाली. आमच्या मते मार्ग तोच खरा. बिल सरकारांनी एकमेकांना पाठवावे, स्ट्रेचरवरच्या माणसाला नव्हे.

असा हिशेब करता येतो हे तिळारीने दाखवले आहे. धरण दोडामार्ग तालुक्यात, बुडालेली गावे तिथली, आणि कालव्याचे पाणी डिचोली, पेडणे, बार्देशच्या शेतांत आणि नळांत. दोन्ही राज्यांनी खर्चाची वाटणी ठरवली: गोवा ७३.३० टक्के, महाराष्ट्र २६.७० टक्के. दोन दशांश स्थळांपर्यंत! पाण्याचा वाटा एवढ्या बारकाईने काढता येतो, तर रुग्णांचा का नाही? पाण्याचा थेंब पत्रादेवीला येतो तेव्हा त्याला आपण पंधरा वर्षांचा दाखला मागत नाही.

आता निष्ठेकडे येऊ. इथे आरसा आपल्याकडे वळवावा लागतो.

गोवा पोर्तुगीज राजवटीखाली असताना, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व घेता येते. लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद करायची, मग ओळखपत्र, मग पासपोर्ट. एकेकाळी हा मार्ग सासष्टीचा मानला जाई. आता पेडण्या-डिचोलीतली हिंदू मुलेही या रांगेत आहेत, हे आपल्याला माहीत आहे. आपल्या वाड्यावरची आहेत, काही आपल्या घरातली आहेत. खाणी २०१२ ला बंद पडल्या, पुन्हा २०१८ ला बंद पडल्या, त्यानंतर डिचोलीत ट्रक विकून पासपोर्टची फी भरणारेही झाले. पासपोर्ट पोर्तुगालचा, पण बहुतेकांचे मुक्कामाचे ठिकाण इंग्लंड. युरोपीय संघाच्या उघड्या सीमांमुळे पोर्तुगीज नागरिक स्विंडनच्या गोदामात काम करू शकत होता, आणि कामावर असताना तिथल्या सरकारी मदतीलाही पात्र ठरत होता.

तिथे काय झाले? तिथल्या लोकांनी विचारले, हे भायले आमच्या योजना खातात का? फेब्रुवारी २०१६ मध्ये कॅमेरन यांनी युरोपशी तडजोड केली, तिच्यात नव्याने येणाऱ्यांच्या मदतीवर चार वर्षांपर्यंत मर्यादा घालण्याची तरतूद होती. लोकांना ती पुरेशी वाटली नाही. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ब्रिटनने संघातून बाहेर पडायचे ठरवले. आपल्या गोंयकारांची एवढी वस्ती असलेल्या स्विंडननेही तसाच कौल दिला. ३१ डिसेंबर २०२० ला मुक्त संचार संपला. आधी पोहोचलेल्यांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून, पाच वर्षांचे सलग वास्तव्य दाखवून कायम राहण्याचा हक्क मिळवता आला. तेव्हा आपल्या मुलांनी काय काय जुळवले ते आठवा: पगाराच्या स्लिपा, घरभाड्याच्या पावत्या, बँकेची विवरणपत्रे. घरमालकाने करार दिला नव्हता म्हणून ज्यांचे अडले, त्यांचे फोन इथे आले होते. आता मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत ब्रिटिश सरकारने स्थायिक होण्याची मुदत सर्वसाधारणपणे पाचाची दहा करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यावर आपल्याकडच्या गप्पांत 'अन्याय' हा शब्द आम्ही अनेकदा ऐकला. दहा वर्षे अन्याय असतील, तर पंधरा काय आहेत?

आणि निष्ठा? ज्या मुलाने परदेशी नागरिकत्व घेतले त्याचे भारतीय नागरिकत्व १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ नुसार आपोआप संपते. ओसीआय कार्ड मिळाले तर येणे-जाणे-राहणे सोपे होते, पण मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. लिस्बनमध्ये नुसती जन्मनोंद केल्याने काय होते यावर तर वर्षानुवर्षे वाद चालू आहे. इतके असूनही तो मुलगा चतुर्थीला घरी आला की माटोळी बांधतो, जत्रेला पैसे देतो, आणि त्याच्या निष्ठेबद्दल वाड्यावर कोणी अवाक्षर काढत नाही. काढूही नये. पोटासाठी गेला, मन इथेच आहे, असे आपण म्हणतो. मग गदगच्या गवंड्याचे मन त्याच्या गावच्या जत्रेत असले तर ते तेवढ्याच उदारपणे का समजून घेऊ नये? त्याने तर पासपोर्टही बदललेला नाही. तो ज्या देशाचा नागरिक आहे त्याच देशात राहतो आहे.

निष्ठा मोजायला गेले की हास्यास्पद प्रकार होतात. १९९० साली ब्रिटनचे नॉर्मन टेबिट यांनी सुचवले होते की आशियातून आलेले लोक क्रिकेटच्या सामन्यात कोणासाठी टाळ्या वाजवतात ते पाहावे. त्या कसोटीवर आपली स्विंडनची मुले पहिल्याच षटकात बाद होतील. इथे भाषेची कसोटी लावणारे आहेत, आडनावाची लावणारे आहेत. मराठी बोलणाऱ्याला गोव्यातच परका म्हणण्यापर्यंत ही मजल अधूनमधून गेलेली आपण अनुभवली आहे. निष्ठेच्या तराजूत एकदा दुसऱ्याला बसवले की आपली पाळी फार लांब नसते.

पत्रादेवीला हुतात्म्यांचे स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही तिथून आत शिरले, पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. पंजाबच्या लुधियाना जिल्ह्यातला कर्नैलसिंग बेनिपाल तिथे पडला. मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोद्राबाई राय गोळ्या लागून जखमी झाल्या. त्यानंतर भारत सरकारने गोव्याची सीमा बंद केली, आणि पुढची सहा वर्षे सावंतवाडीतल्या माहेरी जायचे म्हणजे काय दिव्य असे, हे आमच्या आधीच्या पिढीच्या बायकांनी आम्हाला सांगितले आहे. बंद सीमा काय असते ते पेडण्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. आता त्या स्मारकावरून रोज सकाळी एमएच ०७ च्या दुचाक्या कामावर येतात.

मग करायचे काय? पैशाच्या योजनांना वास्तव्याची अट ठेवावी, पण पंधरावरून ती खाली आणावी. आरोग्याला पाच पुरतात तर पेन्शनला सात-आठ पुरे व्हावीत. अपात्र नावे वगळण्याच्या मोहिमा जरूर काढाव्यात, पण सुरुवात मयतांपासून करावी. बँकेत आमचा अनुभव असा की खातेदार गेल्याचे घरचे लोक कळवत नाहीत आणि पैसे येत राहतात. त्यात भायले कोणी नसत, सगळी ओळखीची घरे.

आणि पुराव्याचा मार्ग सरळ करावा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे घरमालकांना बंधनकारक आहे. त्या फॉर्मवर भाडेकरूचे नाव, फोटो, आधार क्रमांक, राहायला आल्याची तारीख, सगळे असते. तोच शिक्का मारलेला फॉर्म मामलेदार कचेरीने वास्तव्याचा पुरावा म्हणून धरला तर अर्धे काम होईल. आज तो फॉर्म भाडेकरूवर संशय ठेवण्यासाठी भरला जातो. उद्या तोच त्याच्या उपयोगी पडेल, आणि घरमालकाची टाळाटाळही आपोआप थांबेल, कारण भाडेकरूच त्याच्या मागे लागेल.

हे सरकारने करीपर्यंत आपल्या हातात एक गोष्ट आहे. जनगणना २०२७ मध्ये होणार आहे. मोजणीदार दारात येईल तेव्हा मागच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाची माणसे आपणच त्याला दाखवावीत. 'ते आमच्यात नाहीत' म्हणून त्याला परत पाठवू नये. आणि ज्या सभासदांनी खोल्या भाड्याने दिल्या आहेत त्यांनी या वर्षी लेखी करार करावा. मसुदा लागला तर आम्ही लिहून देऊ, त्याची सवय अजून आहे.